नाटकातला खून लिहिताना: आधी नाटक बसवा, मग माणूस मारा

प्रयोग रंगात आलेला आहे. विंगेत खलनायकाचा गळा आवळला जातो, आणि कुणालाच काही कळत नाही. विंगेत! प्रयोग चालू असताना! जो एकदा तरी विंगेत उभा राहिलाय तो हस्तलिखित तिथेच मिटतो. विंगेत प्रॉम्प्टर असतो, नाटकातल्या वस्तू सांभाळणारा प्रॉपर्टीवाला असतो, पुढच्या एंट्रीसाठी घाम पुसत उभे असलेले दोघे-तिघे असतात, आणि गावचं नाटक असेल तर कुणाची तरी आई थर्मासमधून चहा घेऊन आलेली असते. तिथे माणूस शिंकला तरी चौघे वळून बघतात.

गोव्यातली नवी लिहिणारी मंडळी रहस्यकादंबरी लिहायला घेतात तेव्हा बऱ्याच जणांना नाटकाची पार्श्वभूमी हवी असते. साहजिक आहे. इथे नाटक घराघरात आहे. पण माझ्याकडे वाचायला येणारी हस्तलिखितं बहुतेक एकाच जागी कोसळतात. खुनी ठरलेला असतो, हेतू ठरलेला असतो, गुप्तहेराची सिगारेटसुद्धा ठरलेली असते, फक्त त्या रात्री रंगमंचावर कोणतं नाटक चाललं होतं ते लेखकाला माहीत नसतं. म्हणून हा क्रम. पायऱ्या आहेत त्याच ओळीने घ्या. चौथी आधी आणि दुसरी नंतर केलीत तर पुन्हा पहिलीवर यावं लागेल. मी दोनदा आलोय.

## १. जागा ठरवा आणि नकाशा काढा

गोव्यात तुमच्यापुढे दोन वेगळी विश्वं आहेत. एक बंदिस्त नाट्यगृहाचं: पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे, साखळी इथली रवींद्र भवनं. दुसरं देवळासमोरच्या उत्सवी नाटकाचं: पालखी झाली की रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत संगीत नाटक चालतं. दोन्हींत खून होऊ शकतो, पण एकाच प्रकारचा नाही.

बंदिस्त नाट्यगृहात माणसं मोजकी, दारं मोजकी. मागच्या दाराशी पहारेकरी, रंगपटाच्या म्हणजे रंगभूषेच्या खोल्यांना कुलपं, प्रकाशयोजनेच्या खोलीत एक-दोघे. संशयितांची यादी आपोआप आवळली जाते. कोंडलेल्या खोलीतलं रहस्य हवं असेल तर इथे या.

उत्सवी नाटकात उलट. मंच देवळाच्या प्रांगणात, रंगपट बहुधा अग्रशाळेच्या (देवळालगतच्या धर्मशाळेच्या) एखाद्या खोलीत, आणि मधल्या मोकळ्या जागेत जत्रा: खाज्याची दुकानं, चण्या-शेंगदाण्याचे ढीग, कोपऱ्यात नजर चुकवून चाललेला जुगार. पात्रं रंग लावून या गर्दीतून मंचापर्यंत चालत जातात. जरीचा अंगरखा घातलेला माणूस गर्दीतून गेला तर एरवी सगळे बघतील, पण नाटकाच्या रात्री त्याच्याइतकं अदृश्य कुणी नसतं. मोठ्यांना अदृश्य. लहान मुलं मात्र मागे लागतात, कुठे जातोस, तलवार खरी आहे का विचारतात. हे लक्षात ठेवा, कारण साक्षीदार तिथेच मिळतो.

जागा ठरली की कागदावर नकाशा काढा. सुंदर नको, पावलं लिहिलेला हवा. डाव्या विंगेतून रंगपटापर्यंत किती पावलं, मध्ये किती पायऱ्या, संडास कुठे, मुख्य स्विच कुठे आणि त्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे. शक्य असेल तर एखाद्या प्रयोगाला जा, व्यवस्थापकांची परवानगी काढा आणि मागून फिरून या.

सावधान: नाट्यगृह खरं वापरलंत तर त्याचे कर्मचारी, व्यवस्थापक, देवस्थानची समिती यांना कथेत ओढू नका. आराखडा खऱ्यावरून घ्या, नाव आणि गाव कल्पित ठेवा. फोंडा महालातल्या कुठल्याही देवळाचं नाव घ्या, तिथे कुणाचे तरी काका महाजन, म्हणजे देवस्थानचे मानकरी, निघतातच.

तपासा: डोळे मिटून रंगपटातून रंगमंचावर "चालत" जाता येतंय का? वाटेत डावीकडे काय लागतं ते सांगता येत नसेल तर नकाशा अपुरा आहे.

## २. आतलं नाटक बसवा

ही पायरी सगळे गाळतात. कादंबरीतल्या नाटकाचं नुसतं नाव असतं आणि "दुसऱ्या अंकात टाळ्यांचा कडकडाट झाला" एवढं एक वाक्य. तेवढ्यावर भागत नाही. त्या रात्री प्रत्येक संशयित कुठे असायला हवा होता हे नाटकाची संहिताच ठरवते. दुसऱ्या कुठल्याही खुनात पोलिसांना विचारावं लागतं, "तुम्ही रात्री बारा वाजता कुठे होता?" नाटकातल्या खुनात ते आधीच छापलेलं असतं. लेखकाला याहून मोठी देणगी कोणती मिळणार? ती फेकून देऊ नका.

संपूर्ण नाटक लिहायची गरज नाही. एवढं पुरे:

- एका पानात कथानक.
- अंक आणि प्रवेशांची यादी, प्रत्येक प्रवेशाची मिनिटं धरून.
- प्रत्येक पात्राच्या एंट्री आणि एक्झिट, कोणत्या विंगेतून तेही.
- कादंबरीत प्रत्यक्ष दिसणारे दोन-तीन प्रवेश, संवादांसकट.

मिनिटांचा अंदाज हवा असेल तर प्रवेश मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलंत तर वेळ नेहमी कमी भरते.

नवं नाटक रचणं जड जात असेल तर जुनं संगीत नाटक घेता येतं, पण हक्क तपासून. आपल्या कायद्यात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांच्या संहिता आता मोकळ्या आहेत. नंतरच्या नाटककारांची पदं मात्र परवानगीशिवाय पानभर उतरवू नका.

माझं मत विचाराल तर स्वतःचं नाटक रचा. वाचकाला माहीत असलेल्या नाटकात तुम्हाला हवी तिथे एक्झिट घालता येत नाही.

## ३. प्रवेश-तक्ता: कादंबरीचा कणा

आता आडवा कागद घ्या आणि रकाने पाडा: वेळ, रंगमंचावर कोण, उजव्या विंगेत कोण, डाव्या विंगेत कोण, रंगपटात कोण, आणि शेवटी "कुणालाच माहीत नाही". हा शेवटचा रकाना तुमचा.

एक तुकडा करून दाखवतो. उत्सवी संगीत नाटक, दुसरा अंक, तिसरा प्रवेश. बळी पडणारा माणूस म्हणजे नाटकाचा हिशेब ठेवणारा खजिनदार. तो अग्रशाळेतल्या मागच्या खोलीत पैसे मोजत बसलाय. खुनी आहे प्रधानाचं काम करणारा नट.

- १२.०३: प्रधान डाव्या विंगेत एक्झिट घेतो.
- १२.०५: नायिकेचं पद सुरू. रंगमंचावर नायिका आणि सखी. उजव्या विंगेत प्रॉम्प्टर आणि नायक. डाव्या विंगेत प्रॉपर्टीवाला.
- १२.११: पद संपतं, नायक आत येतो.
- १२.१९: प्रधानाची पुन्हा एंट्री, डावीकडूनच.

प्रधानाला १६ मिनिटं मिळाली. अग्रशाळेपर्यंत गर्दीतून २ मिनिटं, परत २. राहिली १२. तेवढ्यात खून होऊ शकतो, पण मिशी सरळ करून, श्वास आवरून एंट्री घ्यायची म्हणजे घाई होणार. घाई झाली की चूक होते, आणि आपल्याला चूकच हवी.

इथे संगीत नाटकाची खासियत कामाला येते: वन्समोअर. प्रेक्षकांनी पद पुन्हा मागितलं, ऑर्गनवाल्याने पुन्हा सूर धरला, पाच मिनिटं वाढली. मध्येच कुणी बक्षीस दिलं, ते माईकवर जाहीर झालं, आणखी एक मिनिट. तक्त्यातली सगळी घड्याळं सरकली. प्रधानाला आता १६ नाही, २२ मिनिटं आहेत, आणि हे त्याने आधी धरलेलंच नव्हतं.

हा तक्ता पहिल्यांदा केला तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश झालो होतो. कोडं असं रचलं होतं: प्रधान म्हणतो, "मी पूर्ण वेळ डाव्या विंगेत उभा राहून पद ऐकत होतो." पण वन्समोअर झाल्याचं त्याला माहीतच नसतं, आणि तिथेच तो सापडतो. दोनशे पानं लिहून झाली. मग आमच्या घरातल्याच एकाला वाचायला दिली. आयुष्यभर गावच्या नाटकाची प्रॉपर्टी सांभाळलेला माणूस. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "भोंग्यार सगळ्या गांवाक आयकूंक येता मरे!"

दोनशे पानं गेली. उत्सवी नाटकाचा आवाज भोंग्यांवरून देवळाच्या तळीपलीकडच्या घरांतही जातो. अग्रशाळेत खून करणाऱ्यालाही वन्समोअर, बक्षीस, टाळ्या सगळं ऐकू आलेलं असणार. त्या दिवसापासून एक नियम केला: नाटकाच्या रात्री ऐकू आलेलं सूत्र कुचकामी, दिसलेलं सूत्र पक्कं.

दुरुस्ती सोपी निघाली. पद दुसऱ्यांदा सुरू असताना वाऱ्याने नायिकेच्या हातातल्या तबकातलं निरांजन विझतं. सखी प्रसंगावधान राखून तबक घेते, डाव्या विंगेत येते, प्रॉपर्टीवाला काडी ओढून वात पेटवतो, सखी परत जाते. गाणं थांबलेलं नाही, भोंग्यावर काहीच कळलेलं नाही. पण डाव्या विंगेत जो कुणी उभा होता त्याच्या हाताभर अंतरावरून ती विझलेलं निरांजन घेऊन गेली. तिसऱ्या प्रकरणात वाचक हे गंमत म्हणून वाचतो, कारण काडेपेटी शोधताना प्रॉपर्टीवाल्याची तारांबळ उडालेली असते. सतराव्या प्रकरणात प्रधानाला कुणीतरी सहज विचारतं, "काडी कुणी दिली हो तेव्हा?" आणि तो म्हणतो, "कसली काडी?"

तपासा: तक्त्यातली प्रत्येक ओळ दोघांनी पाहिलेली आहे का? ज्या ओळीला एकच साक्षीदार आहे तिथे खुणेची फुली मारा. खोटं बोलायला जागा तिथेच आहे.

## ४. हत्यार: वस्तूचा प्रवास लिहा

नाटकातल्या खुनात हत्यार बहुतेक वेळा प्रॉपर्टीतली वस्तू असते. दाबली की आत जाणाऱ्या सुरीऐवजी खरी सुरी, पेल्यात सरबताऐवजी विष. दोन्ही वापरून गुळगुळीत झालेल्या आहेत. तरीही वापरायच्या असतील तर वस्तूचा दिवसभराचा प्रवास लिहून काढा.

पेला घ्या. दुपारी तो पितळी पेला कुणाच्या घरातून आला? कुणी घासला? त्यात काय ओतलं? (रंगमंचावरची "मदिरा" म्हणजे कोरा चहा नाहीतर कोकम सरबत. कोकम असेल तर रंग गडद आणि चव आंबट, म्हणजे काही मिसळलं तरी पटकन कळत नाही. चहा असेल तर गार झाल्यावर त्यावर साय धरल्यासारखा तवंग येतो, आणि तो मोडलेला दिसतो.) भरलेला पेला कुठे ठेवला? त्यावर झाकण होतं का? कुणी उचलला, कुणी हातात दिला? प्रत्येक हाताला मिनिट लावा.

आणि पुढचा प्रश्न, जो फार थोडे लेखक विचारतात: नटाने तो खरंच प्यायला का? बरेच नट पेला ओठांना लावतात आणि खाली ठेवतात. चिकटवलेली दाढी-मिशी ओली झाली की सुटते ना! म्हणजे तुमचा बळी खरोखर पिणारा हवा, आणि तो पितो हे खुन्याला तालमीपासून माहीत हवं. एवढ्या एका गोष्टीने संशयितांची यादी तालमीला येणाऱ्यांपुरती उरते.

सावधान: घोट घेतला, गळा धरला, दोन वाक्यं बोलला आणि कोसळला, असं लिहू नका. विषाचं नाव आणि मात्रा सांगायचीही गरज नाही, वाचकाला हात हवे आहेत, पाककृती नको. उंचावरून पडणं, विजेचा धक्का हे प्रकार अपघात म्हणून खपतात, हाच त्यांचा फायदा आणि हाच तोटा: तुम्हाला आधी तो खून होता हे सिद्ध करावं लागतं.

## ५. हेतू: गोव्याचा कायदा विसरू नका

या पायरीवर मुंबई-पुण्याच्या कादंबऱ्या वाचून आलेले लेखक सपशेल आपटतात. ठरलेलं कथानक असं: श्रीमंत नाट्यनिर्माता मृत्युपत्र बदलून सगळी इस्टेट तरुण नटीच्या नावे करणार असतो, म्हणून मुलगा त्याला आदल्या रात्री मारतो.

गोव्यात हे होत नाही. इथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. शिवाय मुलं असतील तर आपल्या हिश्श्यातला निम्मा भाग मृत्युपत्राने इतरांना देताच येत नाही, तो वारसांसाठी राखीव.

आकडे मांडून बघा. एकूण इस्टेट १ कोटी, बायको आणि दोन मुलं. त्यातले ५० लाख बायकोचेच. उरलेल्या ५० पैकी २५ लाख मुलांसाठी राखीव. नटीला जास्तीत जास्त मिळू शकतात २५ लाख. मुलाला सगळं गमावण्याची भीतीच नाही, मग तो बापाला का मारेल? हेतू जमिनीवर आला.

उलट हाच कायदा नवे हेतू देतो. घर-जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे मारायचं कारण पैसा नाही, सही. बायको सही देत नाही, नाटक कंपनी कर्जात आहे, बिल्डर दारात उभा आहे. किंवा आजोबांच्या नावावरचं जुनं घर, वारस पंधरा, इन्व्हेंटरीची (वारसांमधल्या वाटणीची) केस वर्षानुवर्षं चालू, आणि एकजण समेटाला तयार नाही. हे गोव्यातल्या कुठल्याही वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि खरं सांगू? गावच्या नाटकात पैशापेक्षा मान मोठा. गेली वीस वर्षं नायकाचं काम कुणाच्या घरात होतं आणि यंदा कुणाला दिलं. पडद्यापुढे नारळ कुणी फोडायचा. स्पर्धेत दिग्दर्शनाचं बक्षीस कुणाच्या नावावर लागलं आणि तालमी प्रत्यक्षात कुणी घेतल्या. बाहेरच्याला हा बादरायण संबंध वाटेल, इथल्याला वाटणार नाही.

तपासा: हेतू एका वाक्यात शेजाऱ्याला सांगा. तो "एवढ्यासाठी?" म्हणाला तर वाईट. "हां, तो तसलाच" म्हणाला तर ठीक.

## ६. सूत्रं पेरणं, आणि भाषेचं सूत्र

सूत्रांची यादी करताना प्रत्येकापुढे दोन प्रकरणांचे आकडे लिहा: वाचकाला कुठे दिसलं, आणि उलगडलं कुठे. दोन आकड्यांमध्ये निदान पाच-सहा प्रकरणांचं अंतर ठेवा. गुप्तहेराला कळलेलं सगळं वाचकाला त्याच्याआधी किंवा त्याच्याबरोबर दिसलेलं हवं. शेवटच्या प्रकरणात खिशातून नवीन चिठ्ठी काढाल तर वाचक पुस्तक भिंतीवर मारेल, आणि तो चुकीचा नसेल.

गोव्यात लिहिणाऱ्याकडे एक सूत्र आयतं आहे, ते वापरलेलं मी क्वचित पाहतो: आपली माणसं रंगमंचावर मराठी बोलतात आणि विंगेत कोंकणी. प्रॉम्प्टर शुद्ध मराठी संवाद कुजबुजतो आणि लगेच पुढे "बेगीन भितर वच!" (लवकर आत जा!) म्हणतो. या ये-जा करणाऱ्या जिभेत घोळ होतो, आणि घोळ म्हणजे रहस्यकथेचं खाद्य.

उदाहरण द्यायचं तर "परवा". मराठीत परवा दोन्हीकडे जातो, मागे आणि पुढे, क्रियापदावरून कळतं. कोंकणीत तसं नाही: गेलेला तो "पयर", येणारा तो "परवां". आता बळीच्या खिशात एक चिठ्ठी सापडते, क्रियापद नसलेली: "परवा, रंगपटात, सगळे पैसे." मुंबईहून आलेला निर्माता ती वाचतो आणि म्हणतो, म्हणजे पैसे दिले गेले, प्रकरण मिटलं होतं. कोंकणी घरातून आलेल्या माणसाने लिहिलेली असेल तर अर्थ उलटा: अजून दोन दिवसांनी द्यायचे आहेत. खून त्या दोन दिवसांच्या आत झाला. चिठ्ठी पहिल्या पन्नास पानांत दाखवा, आणि विंगेतल्या एखाद्या साध्या संवादात "पयर" हा शब्दही येऊन जाऊ द्या. तो आला नाही तर गोव्याबाहेरच्या वाचकावर अन्याय होतो.

सावधान: कोंकणी संवाद चवीपुरते. दर पानावर चार ओळी घातल्या आणि खाली अर्थ देत बसलात तर वेग मरतो. आणि सासष्टी, बार्देस, अंत्रूज, पेडणे सगळीकडची कोंकणी एकाच पात्राच्या तोंडी घालू नका. इथले वाचक तेवढ्यावरून पत्र पाठवतात.

## ७. पोलिस, डॉक्टर, कायदा: मोजकंच, पण बरोबर

कथा कुठल्या तारखेची आहे ते आधी ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतरचा खून असेल तर कलम १०३, आधीचा असेल तर जुनं ३०२. नव्या कथेत इन्स्पेक्टर "तीनशेदोन लावीन" म्हणाला तर सवय म्हणून चालेल, पण कागदावर तसं दाखवू नका.

रंगमंचावर कुणी कोसळला तर पहिल्या रात्री नोंद बहुधा अनैसर्गिक मृत्यू म्हणूनच होते. पंचनामा होतो, मृतदेह शवचिकित्सेला बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेला की अहवालाला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी विषाचं नाव कळत नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, म्हणजे तुमचा इन्स्पेक्टर पेला रुमालात गुंडाळून खिशात टाकणार नाही.

मृत्यूची वेळ डॉक्टर मिनिटात सांगत नाहीत, पट्ट्यात सांगतात. आपल्या उष्ण, दमट हवेत शरीर लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं, त्यामुळे अंदाज आणखी ढिला होतो. तुमच्या कादंबरीला हे फायद्याचंच आहे. डॉक्टर म्हणणार अकरा ते एक, आणि मिनिटांचं काम प्रवेश-तक्ता करणार.

शेवटच्या प्रवेशात सगळ्यांना रंगमंचावर गोळा करून खुन्याकडून कबुली घ्यायचा मोह होतो. करा, पण हे ठाऊक असू द्या: पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढा भाग चालतो. म्हणून खुन्याने "मीच मारलं" म्हणण्यापेक्षा "तो अंगरखा तळीच्या पायरीखाली आहे" म्हणणं जास्त कामाचं, आणि नाट्यमयही.

शोध घेणारा कोण? खासगी गुप्तहेर गोव्यात आणू नका, तो कुणाच्या ओट्यावर बसून चौकशी करणार? प्रॉम्प्टर घ्या. संहिता त्याच्या हातात असते. कुणी कुठे वाक्य गाळलं, कोण एक पान उडी मारून पुढे गेला, कोण एंट्रीला उशिरा आला, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि त्याला कुणी मोजत नाही. (मी प्रॉम्प्टर होतो म्हणून हे म्हणत नाही. बरं, थोडं म्हणून.)

## ८. लिहायचा क्रम

१. खुनाचा तास आधी लिहा, खुन्याच्या नजरेतून, सरळ, काही न लपवता. हे प्रकरण कादंबरीत येणार नाही.

२. मग तोच तास बाकीच्यांच्या नजरेतून, प्रत्येकाला जेवढं दिसलं तेवढाच.

३. मग शेवट. उलगड्याचं प्रकरण लिहून ठेवलंत की पेरायचं काय हे नेमकं कळतं.

४. आता पहिलं प्रकरण. इथे नमनाला घडाभर तेल नको. गावाचा इतिहास, नाट्यपरंपरेचं कौतुक, नायकाच्या आजोबांनी केलेली भूमिका, सगळं काढा. तिसऱ्या घंटेला सुरुवात करा.

५. मधली प्रकरणं शेवटी. कंटाळा आला तर समजा, एक संशयित जास्त आहे. कमी करा.

सावधान: लिहिता लिहिता खुनी बदलावासा वाटतो. बदला, हरकत नाही, पण त्याच दिवशी तक्ता पुन्हा करा. "नंतर बघू" म्हणालात तर दोन खुन्यांची पावलं एकाच विंगेत राहतात.

## ९. तपासणी

पहिली फेरी घड्याळाची. नकाशातलं अंतर प्रत्यक्ष चालून बघा, शक्यतो जाड, लांब कपडे घालून. लुंगी-बनियनवर २ मिनिटांत जाता येतं तिथे अंगरखा, मोजडी आणि कमरेची तलवार घेऊन साडेतीन लागतात. माझ्या तक्त्यातली १२ मिनिटं अशी ९ वर आली आणि खुनाची पद्धतच बदलावी लागली.

दुसरी फेरी आवाजाची. प्रत्येक सूत्रापुढे लिहा: हे भोंग्यावर ऐकू आलं असतं का?

तिसरी फेरी वाचकांची. दोन माणसं निवडा. एक रंगभूमीवरचा, शक्यतो नट नको. नट स्वतःचं पात्र शोधत वाचतात. प्रॉपर्टीवाला, रंगभूषाकार किंवा प्रकाशयोजनेवाला बघा. दुसरा नाटकाशी काही संबंध नसलेला, पण रहस्यकथा खाणारा. दोघांना पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे संशय येईल तिथे समासात नाव लिहा, खोडू नका.

परत आल्यावर समास वाचा. प्रधानाचं नाव पहिल्या शंभर पानांत तीन-चारदा दिसलं तर निरांजनाचा प्रसंग फार ठळक झालाय, प्रॉपर्टीवाल्याची तारांबळ वाढवा आणि सखीला मागे ढकला. शेवटच्या प्रकरणापर्यंत ते एकदाही आलं नाही तर काडी दिसलीच नाही, ती आणखी एकदा ओढा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यावर त्या प्रॉपर्टीवाल्याने चाळिसाव्या पानाच्या समासात प्रधानाचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं: "काडेपेटी विंगेत कोणी ठेवत नाही. खिशात असते." ती काडेपेटी मी त्याच्या खिशात ठेवली.